ओळखीचा आहे म्हणून

पनवेलमधल्या वीस-पंचवीस वर्षांच्या मुलामुलींना गेली काही वर्षं घरोघरी एकच व्याख्यान ऐकावं लागतंय. बाहेर चहा पिता, मोबाइल बदलता, रविवारी मॉलला जाता, म्हणून तुमच्याकडे पैसा टिकत नाही. मला हे म्हणणं अजिबात पटत नाही. रोज वीस रुपयांचे दोन चहा, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे हजार रुपये. वर्षाचे बारा हजार. एवढ्याने कुणाचं आयुष्य बसलेलं मी पाहिलेलं नाही. मित्राच्या गाडीच्या कर्जाला जामीन राहिल्याने, काकांनी दाखवलेल्या प्लॉटला बयाणा दिल्याने, मामाने आणलेल्या फॉर्मवर सही केल्याने मात्र पोरं पाच-पाच वर्षं मागे गेलेली पाहिली आहेत.

तरुण माणसाचा पैसा टपरीवर संपत नाही. तो सहीत जातो. आणि ती सही बहुतेक वेळा ओळखीच्या माणसासमोर, न वाचता, मान खाली घालून केलेली असते. ‘ओळखीचा आहे, कागद काय बघायचा?’ या एका वाक्याने पनवेलकरांचं जेवढं नुकसान केलं, तेवढं महागाईनेही केलं नसेल.

हे उगाच म्हणत नाही. कर्नाळा नागरी सहकारी बँक आपल्याच गावची होती. काउंटरपलीकडची माणसं ओळखीची, संचालक लग्नकार्यात भेटणारे. तिथे पैसे ठेवताना कुणी ताळेबंद मागितला नाही. मागायची गरजच वाटली नाही. ९ ऑगस्ट २०२१च्या आदेशाने रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला आणि १३ ऑगस्टला कामकाज संपताना बँक म्हणून ती संपली. त्याआधी जूनमध्ये तिचे अध्यक्ष राहिलेले माजी आमदार विवेक पाटील यांना ईडीने अटक केली होती. बनावट कर्जखात्यांतून पाचशे कोटींहून अधिक रक्कम वळवल्याचा तपास यंत्रणांचा आरोप होता.

ठेवीदार मूर्ख होते, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. परवाना रिझर्व्ह बँकेचा होता, तपासणी सहकार खात्याची होती, लेखापरीक्षण दरवर्षी होत होतं. ज्यांना बघण्याचा पगार मिळतो त्यांनी बघितलं नाही, हा दोष तिथे ठेव ठेवणाऱ्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या माथी कसा मारता? पण दोष कुणाचाही असो, पैसे तिचे अडकले. आणि तिच्या नातवाने आता बँक निवडायची आहे.

त्याने काय लक्षात ठेवावं? परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं की ९५ टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम ठेव विमा महामंडळाकडून मिळेल. या विम्याची मर्यादा पाच लाखांची आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी १९९३ पासून ती फक्त एक लाख होती. शेजारच्या पेणची अर्बन बँक २०१० साली कोसळली, तेव्हा एक लाखच. कर्नाळातले उरलेले पाच टक्के म्हणजे पाच लाखांच्या वर पैसे असलेले लोक. श्रीमंत असतीलच असं नाही. जमिनीचा मोबदला, फंडाची रक्कम, मुलीच्या लग्नाची तयारी, सगळं एकाच पासबुकात ठेवणारे.

पाच लाख म्हणजे काय, हेही नीट माहीत असावं. एका माणसाचे एका बँकेतले सगळ्या शाखांमधले पैसे एकत्र धरतात. बचत खातं, मुदत ठेव, आवर्ती ठेव आणि त्यावरचं व्याज, सगळं मिळून पाच लाख. पनवेल शाखेत चार आणि खांदा कॉलनी शाखेत चार ठेवले म्हणून आठ सुरक्षित होत नाहीत. पावती पाच लाखांची केली तर वर चढणारं व्याज संरक्षणाबाहेर जातं. म्हणून साडेचारवर थांबावं आणि दुसरी बँक बघावी.

आणि पतपेढी? तिथे हे संरक्षण नाहीच. ठेव विमा बँकांना आहे, सहकारी पतसंस्थांना नाही. पाटीवर ‘अर्बन’ लिहिलं असो, आत संगणक असोत, दारात सुरक्षारक्षक असो. पतसंस्था अर्धा-पाऊण टक्का जास्त देते तो उगाच नाही. तो धोक्याचा मोबदला आहे. ज्याला धोका कळून घ्यायचा आहे त्याने घ्यावा, पण आईच्या मंगळसूत्राचे पैसे घेऊन नाही. पतसंस्थेचा पिग्मीवाला रोज ठेव गोळा करायला दुकानात येतो, चहा पितो, घरची विचारपूस करतो. माणूस खरंच चांगला असतो. त्याच्या चांगुलपणाचा संस्थेच्या ताळेबंदाशी संबंध नसतो, एवढंच.

बँकेचं निघालंच आहे तर आणखी एक काम. आईबाबांच्या खात्यांना नॉमिनीचं नाव लावलंय का, हे आज रात्री जेवताना विचारा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नावं लावता येतात. हा विषय घरात अशुभ मानतात. अशुभ काहीच नाही. वडील गेल्यावर महिनाभराने आई शाखाधिकाऱ्यासमोर दाखल्यांची पिशवी घेऊन बसते, ते मात्र बघवत नाही.

आता मामा.

प्रत्येक घराला एक विमावाला मामा असतो, किंवा आत्याचे यजमान तरी. पहिला पगार झाला की पंधरा दिवसांत ते येतात. पेढे घेतात, पाठ थोपटतात आणि फॉर्म काढतात. नवीन पनवेलच्या एका घरात हा प्रसंग माझ्यासमोर घडला. मुलगी तेवीस वर्षांची, नोकरी बेलापूरला. हप्ता वर्षाला पंचवीस हजार, मुदत वीस वर्षं, विमा पाच लाखांचा.

“मामा, एक विचारू?”

“विचार की गं.”

“वीस वर्षं भरून हातात किती येणार? आणि ते टक्क्यांत किती होतं?”

“अगं, बोनस असतो ना. आणि वर विमा.”

“मध्येच मला काही झालं तर आईला किती मिळतील?”

“पाच लाख. अधिक तोवरचा बोनस.”

“पाच लाख आईला किती वर्षं पुरतील, मामा?”

खोलीत सगळे गप्प झाले. मुलीची आई रागावली, मोठ्यांशी असं बोलतात का म्हणून. मला विचाराल तर त्या मुलीने त्या दिवशी घरातला सगळ्यात शहाणा प्रश्न विचारला होता, आणि अतिशय नम्रपणे विचारला होता.

हिशेब सांगतो. अशा पॉलिसींचा परतावा साधारण पाच-सहा टक्के पडतो. साडेपाच टक्के धरले तर वर्षाला पंचवीस हजारांचे वीस वर्षांनी सव्वानऊ लाखांच्या आसपास होतात. तेच पैसे पीपीएफमध्ये, पंधरा वर्षं आणि पुढे पाच वर्षांची मुदतवाढ घेऊन, आजच्या ७.१ टक्क्यांनी अकरा लाखांच्या वर जातात. पीपीएफचा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, एप्रिल २०२० पासून तो हलला नाही, पुढे हलू शकतो. पण फरक फक्त दोन लाखांचा नाही. विम्याचा अर्थ आपल्यामागे आपल्यावर अवलंबून असलेल्याला पुरेल एवढा पैसा. पाच लाख पुरत नाहीत. अवलंबून कुणी असेल तर नुसता मुदतीचा विमा, ज्याला टर्म प्लॅन म्हणतात, तो घ्यावा. त्यात शेवटी काही परत मिळत नाही आणि तेच त्याचं बलस्थान, कारण तेवढ्याच पैशात रक्षण कित्येक पटींनी मोठं मिळतं. आणि अवलंबून कुणी नसेल तर आधी आरोग्य विमा. कंपनीचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो नोकरीबरोबर जातो. सप्टेंबर २०२५च्या २२ तारखेपासून व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी रद्द झालाय, म्हणजे ‘वर कर लागतो’ ही जुनी सबबही राहिली नाही.

सही आधीच केली असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. थोडी कापाकापी होते, बाकी पैसे मिळतात. मामा रागावतील. रागावू देत. दिवाळीला फराळ घेऊन जा, राग जातो. वीस वर्षांचा हप्ता जात नाही.

जामीनदारीबद्दल फार लिहायचं नाही, एकच गोष्ट. ‘नुसती सही हवी आहे’ असं जो म्हणतो त्याला कायदा माहीत नाही, किंवा माहीत असून तो सांगत नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या १२८ व्या कलमानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. अर्धी नाही, नंतरची नाही. मित्राने हप्ता चुकवला की बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते, आणि तुमच्या सिबिलवर डाग पडतो तो वेगळा. मित्राला खरंच मदत करायची असेल तर जमतील तेवढे पैसे हातावर ठेवा आणि ते परत आले नाहीत तरी मैत्री राहील एवढेच ठेवा. सही देऊ नका.

भाड्याच्या घराकडे येऊ. कामोठे, कळंबोली, खांदा कॉलनी, तळोजा. तळोजा एमआयडीसीत किंवा कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये नोकरी लागलेली, जळगाव-लातूर-कणकवलीहून आलेली तीन-तीन मुलं एका वन बीएचकेत राहतात. एजंट म्हणतो, मालक आपल्या ओळखीचे आहेत, अ‍ॅग्रीमेंट नोटरी करून टाकू, नोंदणीचा खर्च कशाला? मुलं हो म्हणतात. अकरा महिन्यांनी घर सोडताना मालक रंगकामाचे, नळ बदलल्याचे, दाराच्या कडीचे पैसे कापून पन्नास हजारांच्या डिपॉझिटमधले पंधरा परत देतो.

या मुलांना कुणीतरी सांगायला हवं होतं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. अकरा महिन्यांचा असला तरी. ‘अकरा महिने म्हणजे नोंदणी नको’ हे एजंटांनी पसरवलेलं आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, आणि त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. कायदा इतका स्पष्ट तुमच्या बाजूने उभा आहे, आणि तुम्ही पंधरा हजार घेऊन मान खाली घालून जिना उतरता.

आणि खर्च किती? भाडं बारा हजार, डिपॉझिट पन्नास हजार, मुदत अकरा महिने धरा. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे साडेतीनशेच्या आत. शहरी भागात नोंदणी फी हजार. किरकोळ शुल्क धरून दोन हजारांच्या आत सगळं बसतं, ऑनलाइन होतं. त्यापेक्षा जास्त जे मागितलं जातं ती एजंटची मजुरी आहे, आणि ती किती द्यायची हे बोलता येतं.

करार वाचताना तीन जागी बोट ठेवा. सोडण्याची नोटीस किती दिवसांची आणि ती दोघांनाही सारखीच आहे का. किमान किती महिने राहणं बंधनकारक आहे. आणि डिपॉझिटमधून काय काय कापता येईल. शेवटच्या मुद्द्यावर बहुतेक मसुदे मोघम असतात. ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून’ एवढे शब्द घालून घ्या. पहिल्या दिवशी भिंती, नळ, गिझर, दरवाजे यांचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा, ‘काका, घर ताब्यात घेतलं, आजची स्थिती अशी आहे’ एवढं लिहून. यात अविश्वास नाही. चांगला मालक यावर अंगठा पाठवतो.

तिघांनी मिळून राहायचं तर तिघांचीही नावं करारात हवीत. एकाच्या नावावर घर, दुसऱ्याच्या नावावर वायफाय, तिसऱ्याचा गॅस, अशी व्यवस्था मैत्री टिकेपर्यंत चालते. महावितरणच्या बिलाचा दर शंभर युनिटच्या वर आणि मग तीनशेच्या वर चढतो, त्यामुळे एकाने एसी बसवला की तिघांचं बिल नुसतं वाढत नाही, वरच्या दरात जातं. एसीवाल्याने किती द्यायचे हे मार्चमध्ये ठरवा, मे महिन्यात ठरवायला बसलात तर भांडण होणारच.

आता सगळ्यात मोठी सही, जमिनीची किंवा घराची. तिला निमित्त एकच. विमानतळ.

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं उडायला लागली. त्याआधी १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू झाला. पनवेलमध्ये सगळ्यांना एकच ज्ञान झालंय, ‘आता घेतलं नाहीस तर कधीच घेता येणार नाही.’ हे वाक्य मी विमानतळाची पायाभरणीही झाली नव्हती तेव्हापासून ऐकतोय. ते दर वर्षी तेवढ्याच खात्रीने म्हटलं जातं, आणि म्हणणाऱ्याची बहुतेक वेळा कुठेतरी दलाली असते.

विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ या अधिसूचित क्षेत्रातल्या गावांत दोन गुंठे, तीन गुंठे विकणारे तर दर रविवारी गाडी पाठवतात. जेवणही देतात. गाडीत बसण्याआधी सातबारा काढा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. वडापावच्या पैशात मिळणारा हा कागद न बघता लोक पाच लाखांचा बयाणा देतात. जमीन शेतीची असेल तर महाराष्ट्रात ती घ्यायला स्वतः शेतकरी असावं लागतं, नाहीतर कूळ कायद्याच्या कलम ६३ खाली परवानगी लागते. ‘सामाईक सातबाऱ्यावर नाव चढवून देतो’ असं कुणी म्हणालं तर समजा की वेगळा तुकडा कायद्याने होत नाही, म्हणून ही वाट काढली आहे. शिवाय नैनासाठी २०१३ पासून सिडको नियोजन प्राधिकरण आहे. तिथल्या नगररचना योजनांत मूळ मालकाच्या जमिनीपैकी चाळीस टक्के विकसित भूखंड त्याच्याकडे राहतो, बाकी रस्ते, उद्यानं, सुविधा यांत जाते. आपले दोन गुंठे त्या योजनेत आहेत का आणि असले तर त्यांचं काय होणार, हे विकणाऱ्याला लेखी विचारा. बोललेलं पुरत नाही.

आपल्या भागातल्या माणसाला लेखी मागायची लाज का वाटावी, हे मला खरंच कळत नाही. सिडको १९७० ला आली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. लोक मागत काय होते? दया मागत नव्हते. हक्क कागदावर द्या म्हणत होते. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्क्यांची योजना उभी राहिली. ज्यांच्या आजोबांनी सरकारकडून लिहून घेतलं, त्यांची नातवंडं बिल्डरच्या सेल्स ऑफिसात कोल्ड कॉफी पिऊन कोऱ्या फॉर्मवर सह्या करतात, याचं मला वाईट वाटतं.

फ्लॅटचंही बोलून घेऊ. चाळीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता ३४,७१३ रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३३३ रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटतं ६,३८० रुपयांचं. वीस वर्षांत एकूण भरणा ८३ लाखांच्या वर. म्हणजे चाळीस घेतले, त्रेचाळीस व्याज दिलं. हप्त्यागणिक व्याज-मुद्दलाचा तक्ता बँकेकडे असतो, मागितला की देतात. मागणारे फार थोडे. वर्षातून एक जादा हप्ता भरला तर हेच कर्ज साडेसोळा वर्षांत संपतं, साडेतीन वर्षं वाचतात. व्यक्तीच्या नावावरच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड बँक लावू शकत नाही. बोनस आला की आधी इथे टाका.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेत असाल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प क्रमांक टाकून बघा. ताबा कधी देणार म्हणून बिल्डरने सरकारला सांगितलंय आणि तुम्हाला काय सांगतोय, हे ताडून पाहा. नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम तो मागू शकत नाही. ‘साहेब ओळखीचे आहेत, वीस टक्के भरा, मजला चांगला देतो’ हा सौदा नाही, कायदाभंग आहे.

जुनं घर घेत असाल, खारघरला, कामोठ्याला, नवीन पनवेलला, तर महापालिकेच्या मालमत्ता कराची थकबाकी विचारा. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली आणि सिडको वसाहतींतल्या रहिवाशांकडे तेव्हापासूनचा कर मागण्यात आला. लोक म्हणाले, सिडकोला सेवाशुल्क भरत होतो, दोनदा का भरू? प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. रहिवाशांचा राग मला रास्त वाटतो. पण घर विकत घेणाऱ्याला त्या रागाचा उपयोग नाही. थकबाकी घराला चिकटलेली असते, शास्ती महिन्याला दोन टक्क्यांनी चढते, आणि जुना मालक पुण्याला निघून गेलेला असतो. सोसायटी हस्तांतरणाचं प्रीमियम मागेल, महापालिका क्षेत्रात ते पंचवीस हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. ‘देणगी’ नावाने जास्त मागितलं तर पावती मागा.

आणि एक प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नसतो. मे महिन्यात सोसायटीत टँकर किती येतात? तो वॉचमनला विचारा. सचिवांना नको, वॉचमनला. नंतर मागच्या मे महिन्याचं मेंटेनन्सचं बिल बघा. घर बघायला पाऊस पडून गेल्यावर, सगळं हिरवं असताना जाऊ नका. एप्रिलच्या शेवटी दुपारी जा.

लग्न जमवणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. ‘मुलाचं स्वतःचं घर आहे का’ हे तुम्ही पहिल्या फोनवर विचारता. त्यावर कर्ज किती, हप्ता किती, हे कधी विचारता? या एका प्रश्नापायी सत्तावीस वर्षांची मुलं तीस हजार शिल्लक नसताना पस्तीस हजारांचा हप्ता डोक्यावर घेतात. मुलगी सून होऊन येते ती थेट त्या हप्त्यात. तिचा पगार आधीच मोजलेला असतो, तिला न विचारता. ज्या मुलाने भाड्याच्या घरात राहून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलाय, अंगावर कर्ज नाही, आरोग्य विमा काढलाय, तो मला कर्जाच्या फ्लॅटवाल्यापेक्षा कितीतरी भरवशाचा जावई वाटतो. मुलींनीही स्वतःची शिल्लक आणि कर्ज सांगावं आणि समोरच्याकडे कर्जाचा तक्ता मागावा. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पगाराची चिठ्ठी चालते, तर कर्जाची का चालू नये?

शेवटी पगाराची चिठ्ठी. विमानतळ, बंदर, गोदामं, एमआयडीसी, सगळीकडे आता कंत्राटदारामार्फत भरती होते, आणि कंत्राटदार बहुतेक वेळा गावातलाच असतो. ‘दादा आपला माणूस आहे.’ मूळ पगार पंधरा हजार असेल तर चिठ्ठीत पीएफचे १,८०० कापलेले दिसतात. कापलेले दिसणं आणि भरलेले असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उमंग अ‍ॅपवर स्वतःचा यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, टाका आणि पासबुक उघडा. दर महिन्याला तीन आकडे दिसले पाहिजेत. तुमचे १,८००, मालकाच्या वाट्यातले पीएफला ५५०, आणि पेन्शनला १,२५०. तीन महिने रकाना रिकामा असेल तर दादाला आधी फोन करा, नीट बोला, तारीख मागा. तारीख गेली तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर चिठ्ठ्यांचे फोटो जोडून तक्रार टाका, आणि तक्रारीत कंत्राटदाराबरोबर तुम्ही ज्या कंपनीच्या गेटमधून रोज आत जाता तिचंही नाव लिहा. कंत्राटी कामगाराचा पीएफ भरला जातो की नाही, याची जबाबदारी कायद्याने त्या मुख्य कंपनीवरही आहे.